पात्याचं आडनाव

धातूची पूड थरावर थर वितळवून टर्बाइनचं पातं घडवायची नवी पद्धत विद्यापीठाच्या डॉ. मृणाल सबनीस यांनी शोधली. करारानुसार यंत्र तेवढं रणनवरे उद्योगाचं. पण पहिल्या पात्याच्या समारंभात पाटीवर नाव एकट्या कंपनीचं! मृणालताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, विद्यापीठाचं नाव कुठंय?"

मालक दादासाहेब रणनवरे पाहुण्यांना बर्फी वाटत होते. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि कालच नात झाली होती.

"बाई, तुमचं काय, नुसते कागद! पातं जन्मलं आमच्या कारखान्यात. ज्याच्या घरी जन्म, त्याचं नाव!"

मृणालताईंनी बर्फी उचलली. "अभिनंदन. म्हणजे नातीचं आडनाव रणनवरेच लावणार?"

"भलतंच काय! ते जावयांचं, घाटग्यांचं लागणार."

"का बरं? जन्म तर तुमच्या घरी झाला! हे बघा, तुमचे व्याही समोरच बसलेत. पोर आमची म्हणून त्यांना सांगा. त्यांनी ऐकलं, तर आम्हीही ऐकू."

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते घाटगेच. दादासाहेबांनी पाटी उतरवायला सांगितली.