अर्ध्यावर थांबलेले

“पण ताई, ज्यांनी गोळ्या धड घेतल्याच नाहीत, त्यांचं अपयश औषधाच्या माथी का मारायचं?”

डॉ. मकरंद उपासनींचा आवाज जरा चढलाच. चढणारच म्हणा. एड्सच्या नव्या गोळीची चाचणी त्यांनी लातूरला जीव ओतून उभी केली होती. आणि आता पुण्यात आकडेमोड करणाऱ्या कुमुदताई रिसबूड त्यांना सांगत होत्या, की जुनी गोळीच सरस ठरते आहे.

व्यवस्था मोठी देखणी होती, हे डॉक्टरही मानत. लातूरने औषध द्यायचं, नागपूरने रक्त तपासायचं, पुण्याने गणित मांडायचं. तीन संस्था, पण कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. आणि ताईंचा शब्द तिन्हीकडे चाले, कारण त्यांनी कधी कुणाचं मन राखायला आकडा वाकवला नव्हता.

उद्या बैठक होती. गावोगावच्या रुग्णांना पुढे कुठली गोळी द्यायची, ते तिथे ठरणार होतं.

“मधेच सोडणाऱ्यांना वगळा,” रात्री जागून केलेला आपला तक्ता पुढे सरकवत डॉक्टर म्हणाले. “मग बघा, नवी गोळी कशी जिंकते ती.”

“का सोडली त्यांनी?”

“आळस, ताई. दुसरं काय?”



ताईंनी खणातून एक डबी काढली. “या तुमच्याच गोळ्या. आत औषध नाही, पण आकार तोच, वास तोच, चव तीच. कंपनीकडून मागवून घेतल्या. एका वेळच्या आहेत, घ्या.”

“एवढंच ना?” डॉक्टर हसले.

पहिली गेली. दुसरी घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. तिसरीचा नुसता वास आला आणि डॉक्टर तोंडावर हात दाबून खिडकीकडे धावले. एवढा मोठा डॉक्टर, पण पोटापुढे कुणाचं चालतं?

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. पाठीवरून हात फिरवला.

“उरलेल्या?”

“नंतर… नंतर घेतो.”

म्हणाले आणि पेला खाली ठेवला. “आमच्या एक रुग्ण, औशाच्या कौसाबाई, हेच म्हणायच्या, ताई,” ते पुटपुटले. “घेते की सायब, मागून घेते.” सगळ्या रांगेसमोर त्यांनी त्या बाईला झाडलं होतं. त्यानंतर ती पुन्हा आली नाही. आणि काल रात्री तिला यादीतून वगळताना आपला हात जरासुद्धा अडखळला नाही, हे आठवून डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली.

डबीचं झाकण लावताना त्यांना उमगलं, जी गोळी गिळवतच नाही, तिचं ते अपयशच.

“तुम्ही सगळ्यांवर अशाच गोळ्या चाखायची वेळ आणता?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाही. मी आधी स्वतः घेतल्या.”

“किती गेल्या?”

“एक.”

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. या बाईपुढे वाद घालायला आपण आलो होतो, याचंच त्यांना आता नवल वाटत होतं. त्यांनी वगळलेली सगळी नावं जागच्या जागी परत घातली. तक्ता पुन्हा मांडला, पुन्हा पाहिला.

“गोळी हरली, ताई.”

“हरू दे. कौसाबाईंना परत बोलवा.”