नाकासमोर चालणारी मोटार

चाकं बसत होती, गाडी वळत नव्हती. अडचण म्हणाल तर एवढीच. पण तेवढ्यापायी बाळकू मिस्त्रीचं अन्नपाणी सुटलं होतं.

झालं होतं असं. कण्हेरगड संस्थानचे राजे आप्पासाहेब यांच्याकडे एक विलायती मोटार होती. लांबलचक, बसकी, डाळिंबी रंगाची, आत मखमलीच्या गाद्या. एका लग्नात कासारखेडच्या राजांनी आपली नवी, उंच मोटार तिला खेटून उभी केली आणि वरच्या खिडकीतून विचारलं, "आप्पासाहेब, एवढे खाली कुठं बसलात?" झालं! राजांना ते लागलं. लग्नातली जिलबीसुद्धा गोड लागेना. त्यांनी मुंबईहून थोरली चाकं मागवली, कासारखेडकरांच्या चाकांहून चांगली चार बोटं मोठी.

"बसव," बाळकूला हुकूम झाला. "मडगार्ड कापायचं नाही. रंगाला ओरखडा नको. आणि खाली ठोकळे घालून आमच्या गाडीचा उंट करशील तर याद राख."

बाळकूनं चाकं चढवली. सरळ जाताना गाडी झोकात चालायची. पण स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक खर्रकन मडगार्डला घासायचं आणि तिथंच अडकून बसायचं. त्यानं हात जोडून सांगितलं, "सरकार, एक तर मडगार्ड कापायला लागंल, नाहीतर गाडी उचलायला लागंल. दोन्ही नको असंल तर जुनी चाकंच बरी."

"आमचा शब्द म्हणजे शब्द," राजे म्हणाले. "दसऱ्याच्या स्वारीला कासारखेडकर येणार आहेत. तोवर जमलं नाही तर मोटारखान्याच्या किल्ल्या ठेव आणि मागचं घर रिकामं कर."

बालहट्ट खाऊ दिला की मिटतो. राजहट्टाला खाऊ कोण देणार?

बाळकूची लेक ठकू त्या मागच्या घरातच जन्मली, वाढली. तिची आईही तिथंच गेली. घर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण रडत बसणारी ती नव्हती. तिनं बापापुढं भाकरी ठेवली आणि विचारलं, "आबा, गाडी वळली पाहिजे असं सरकार म्हणालेत का?"

"म्हणजे गं?"

"चाकं बसवायला सांगितली, ती बसली. उद्या सरकारांना फिरायला न्या. मी पुढं बसते. बोलायचं काय ते माझ्यावर सोडा."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"घर जायचंच असेल तर जाण्याआधी एकदा मोटारीत तरी बसून घेते की!"

दुसऱ्या दिवशी राजे मोटारखान्यात आले. चाकं बघितली, हात फिरवून रंग बघितला, मडगार्ड वाकून बघितलं. सगळं जिथल्या तिथं! मिशीवरून हात फिरवत ते मागच्या गादीवर बसले. मोटारखान्याचं दार थेट रस्त्यावर उघडायचं आणि रस्ता नाकासमोर वेशीपर्यंत जायचा. गाडी निघाली. बाजारातले लोक मुजरे करत होते आणि राजे चार बोटं वरून ते घेत होते. असे खूश होते की काही विचारू नका.

वेशीबाहेर रस्ता डावीकडे वळत होता. समोर नुसती गाडीवाट, ती कासारखेडला जाणारी. बाळकूनं गाडी थांबवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"थांबलास का? वळव," राजे म्हणाले.

ठकू मागं बघून अदबीनं म्हणाली, "सरकार, गाडी वळत नाही."

"काय?"

"हुकूम मोठ्या चाकांचा होता. मडगार्ड शाबूत, रंग शाबूत, उंट केला नाही. वळायचं हुकमात नव्हतं."

राजांचा चेहरा मोटारीच्या रंगाचा झाला. "मग उलटी घे! मागं जाते ना?"

"जाते की. आबा आत्ताच नेतील. पण दसऱ्याला जरा पंचाईत होईल."

"ती कसली?"

"तुमच्यापुढून जाताना आम्ही पाठ फिरवत नाही, मागं मागं सरकत जातो. दरबारची रीतच आहे. दसऱ्याला कासारखेडचे राजे समोर उभे असणार, आणि परतताना सरकारांची स्वारी त्यांच्यापुढून तशीच मागं मागं सरकणार. बघणाऱ्यानं काय समजायचं?"

बाळकूनं डोळे मिटून घेतले. राजांनी खालच्या आवाजात विचारलं, "वळायचं नाही, मागं जायचं नाही. मग पोरी, आम्ही घरी जायचं तरी कसं?"

"सरळ," ठकू म्हणाली.

"सरळ? तिकडं तर कासारखेड!"

"ते पहिलं लागेल. त्यांना वरूनच रामराम करू. मग डोंगर लागेल, मग समुद्र. तिथं जरा भिजायला होईल. पण पृथ्वी गोल आहे, सरकारांच्याच शाळेत शिकवतात. मान न वळवता जात राहिलो तर बरोबर मोटारखान्याच्या मागच्या भिंतीला येऊन लागू. फक्त राणीसाहेबांना निरोप धाडा, आज जेवायला थांबू नका म्हणून."

राजांनी ठकूकडं बघितलं, समोरच्या गाडीवाटेकडं बघितलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना! पोट धरून हसले, पागोटं मखमलीवर पडलं तरी हसतच राहिले. मग डोळे पुसत ते खाली उतरले.

"मिस्त्री, जुनी चाकं इथंच आणून चढव. आम्ही पायी जातो, आम्हाला वळता येतं. आणि ते मागचं घर आजपासून या ठकूच्या नावावर."

बाळकूनं वाकून मुजरा केला. ठकूच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "सरकार, एवढं?"

"एवढं म्हणजे?" राजे म्हणाले. "पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या माणसाला परत यायला घर नको?"