कृत्तिका आणि दोन भिंगं

फार जुन्या काळी एका टेकडीवर दुर्बीण होती. तिच्या पेटीत दोन भिंगं राहायची. थोरलं आकाशाचा मोठा तुकडा एकत्र दाखवायचं, धाकटं इवलासा भाग खूप मोठा करायचं.

एकदा म्हातारी खार टेकडी चढून आली. नजर जायच्या आत तिला कृत्तिकांचा पुंजका एकदा बघायचा होता.

"मला लावा, साऱ्या जणी एकत्र दिसतील," थोरलं म्हणालं.

"तुझ्यातून सगळं बारीक दिसतं. बघणाऱ्यांना मोठं हवं असतं," धाकटं म्हणालं. दुर्बिणीला ते पटलं.

खारीला एकच तारा दिसला, भोवती काळोख. "बाकीच्या गेल्या का गं?" एवढं विचारून ती उतरून गेली.

मग पेटीत बैठक झाली. कृत्तिकाच फार पांगलेल्या आहेत, असं ठरलं. थोरलंही हो म्हणालं. त्याला राहायचं त्याच पेटीत होतं.