आग्याच्या बाजूने

खूप जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा ही गोष्ट सांगताना "खूप जुनी" असेच म्हणत.

एका राज्याच्या सीमेवर, डोंगरात, एक ड्रॅगन राहायला आला. पंख ताडाएवढे, शेपूट गावच्या वेशीत न मावणारे, आणि नुसता शिंकला तरी गवताची गंजी पेटायची. लोक त्याला आग्या म्हणत. महिन्याभरात त्याने दोन गावांची गुरे फस्त केली आणि तिसऱ्या गावावरून घिरट्या घालू लागला.

राजाने सेनापतीला बोलावले. सेनापती मोठा हुशार होता, निदान त्याच्या मिशा तरी तसे सांगत. त्याने दरबारात भलामोठा पट अंथरला, वाळूचे डोंगर रचले आणि गावातल्या कुंभारणीकडून मातीच्या सोंगट्या मागवल्या. दोनशे भालाइत, पन्नास घोडेस्वार आणि एक आग्या. रोज सकाळी फासे टाकून पटावर लढाई खेळायची, सगळ्यात चांगला डाव निवडायचा आणि पौर्णिमेच्या दिवशी खऱ्या डोंगरावर चढाई करायची, असा बेत ठरला.

आता ही कुंभारीण. तिचा नवरा चाक सोडून सैन्यात भरती झाला होता. झाला म्हणजे, केला गेला होता. उंच होता, म्हणून त्याला भालाइतांच्या पहिल्या रांगेत घातले होते. त्यामुळे सोंगट्या पोचवायला आलेली कुंभारीण घरी न जाता तिथेच एका बाजूला उभी राहिली आणि मग रोज येऊन खेळ बघू लागली.

पहिल्या दिवशी आग्या मेला. दुसऱ्या दिवशीही मेला. पाचव्या दिवशी तर न्याहारीच्या आधीच दोनदा मेला. दरबारी टाळ्या पिटत होते, सेनापती मिशांना पीळ देत होता. कुंभारीण मात्र आग्याच्या सोंगटीकडेच बघत होती. पाच दिवसांत आग्या जागचा हललाच नव्हता. पाट्यावर वरवंटा असावा तसा तो पटावर पडून असे आणि जो तो येऊन त्याला मारून जाई.

तिने जवळच्या पहारेकऱ्याला विचारले, "दादा, आग्याच्या बाजूने कोण खेळतं?"

"शू! शत्रूची सोंगटी हलवणं म्हणजे राजद्रोह. जुनी रीत आहे आपली. मान उडते."

"मग त्याचा डाव आला की काय करता?"

"त्याचा डाव येतच नाही," पहारेकरी अभिमानाने म्हणाला.

त्या दुपारी नवरा जेवायला घरी आला. म्हणाला, "अगं, सेनापती सांगतात, दोन घटकांत सगळं संपेल."

"अहो, पण कोण संपेल, ते सांगितलं का?"

तो हसला, पण दुसरी भाकरी त्याने तशीच ताटात ठेवली. कुंभारणीने ते पाहिले. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी खेळ रंगात आला असताना ती सरळ पटावर गेली आणि तिने आग्या उचलला. दरबाऱ्यांनी तोंडात बोटे घातली.

"बाई, मान जाईल!" सेनापती ओरडला.

"जाईल तेव्हा जाईल. महाराज, आग्याला पंख आहेत ना?"

"आहेत," राजा म्हणाला.

"मग तो इथे बसून तुमची वाट कशाला बघेल?"

तिने सोंगटी दोनशे भालाइतांच्या डोक्यावरून नेली आणि त्यांच्या पाठीमागे, सेनापतीच्या तंबूपाशी ठेवली. फासे टाकले. मागची रांग गेली. पुन्हा टाकले, घोडेस्वार गेले. तिसऱ्यांदा पटावर फक्त आग्या उरला.

"हे नियमात बसत नाही!" सेनापती लाल झाला. "आग्या मागून येऊच शकत नाही!"

राजाने विचारले, "तसं त्याला कळवलंय का?"

राजाने पटावरच्या आडव्या सोंगट्या मोजल्या. मग म्हणाला, "बाईंची मान राहू द्या. पौर्णिमेपर्यंत आग्याच्या बाजूने त्याच खेळतील."

मग काय विचारता! सेनापतीने ढाली पुढे केल्या, कुंभारीण ढालींवरून उडाली. त्याने दोन्ही बाजूंनी घेरले, तिने मधला पूल जाळला. त्याने सैन्य झाडीत लपवले, तिने झाडीच पेटवली. दरबारी तिला "आग्याबाई" म्हणू लागले. असा आठ दिवस मार खाल्ल्यावर सेनापतीने डोक्यावरचा मंदिल काढून मांडीवर ठेवला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "अगं बाई, तूच सांग, तुला हरवायचं तरी कसं?"

आग्याला काही विचारावे, हे त्या राज्यात पहिल्यांदाच घडत होते. कुंभारीण सोंगटी हातात धरून डोळे मिटून बसली.

"माझा देह केवढा," ती हळूच म्हणाली, "त्यामुळे मी सदा भुकेली. लढाई दिसली की मी उडते, पण जेवण दिसलं की खाली बसते. आणि एकदा पोटभर जेवले, की मला काही केल्या उठवत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर सेनापतींना तरी कुठे उठवतं?"

राजा खो खो हसला. ते दृश्य त्याने स्वतः पाहिले होते.

पौर्णिमेच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी रश्श्याचे चाळीस हंडे आणि भाताच्या राशी मांडल्या गेल्या. भालाइत दोरखंड आणि साखळ्या घेऊन खडकांमागे दबून बसले. आग्याने तीन घिरट्या घातल्या आणि तो खाली उतरला. हंडे चाटूनपुसून साफ केले. एक ढेकर दिली, त्यात तीन कडुनिंब जळाले. मग तो आडवा झाला.

तेवढ्यात सेनापतीने सवयीप्रमाणे तुतारी फुंकली!

सगळ्यांची पाचावर धारण बसली. साखळी घेऊन खडकामागून पुढे सरकलेला कुंभारणीचा नवरा आग्यापासून वीस पावलांवर उघड्यावर उभा होता. दूर टेकडीवर कुंभारणीने मुठी आवळल्या. "नाही उठणार," ती स्वतःलाच सांगत होती, "मी नसते उठले."

आग्याने एक डोळा उघडला, तुतारीकडे पाहिले आणि कूस बदलली.

पुढचे सोपे होते. नवऱ्याने पहिली साखळी जबड्याला आवळली, बाकीच्यांनी पंखांवर दोर टाकले आणि कुऱ्हाडींनी ते छाटून त्याला सोडून दिले. पंख छाटलेला आग्या सरपटत डोंगरापलीकडच्या दलदलीत गेला तो गेलाच. नवऱ्याच्या भुवया तेवढ्या जळाल्या होत्या. त्याला धडधाकट समोर बघून कुंभारीण ढसाढसा रडली.

राजाने जुनी रीत मोडली आणि नवी घातली: यापुढे कोणतीही लढाई ठरली, की आधी नऊ दिवस सेनापतीने स्वतः शत्रूच्या बाजूने खेळायचे.

वर्षभराने नदीच्या पाण्यावरून शेजारच्या राजाशी भांडण झाले. सैन्याला बोलावणे गेले, कुंभाराने पुन्हा चाक थांबवले. सेनापती शेजारच्या राजाच्या जागी बसून खेळू लागला. तिसऱ्या दिवशी तो मध्येच उठला आणि खाली मान घालून म्हणाला, "महाराज, इथून बघितलं तर पाणी खरंच आपणच अडवलंय."

बांध फोडला गेला. सैन्य घरी परतले आणि कुंभाराचे चाक पुन्हा फिरू लागले.

तात्पर्य: शत्रूच्या जागी बसून पाहिले, तर अर्ध्या लढाया जिंकता येतात आणि उरलेल्या अर्ध्या लढाव्याच लागत नाहीत.