म्हसूनं न बघितलेली मुळी

डोंगराच्या पायथ्याला गवळ्यांची वस्ती होती. तिथं म्हसू नावाचा गवळी राहायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं बूड एका जागी टेकत नव्हतं. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. दुसऱ्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. अशा माणसाला लोक हुशार म्हणतात. लोकांना काय कळतंय.

त्याची कवडी नावाची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. घराची सगळी आशा तिच्यावर. तिला ओला चारा मिळावा म्हणून म्हसूनं गोठ्यामागच्या पट्ट्यात मोहरी पेरली होती. दाण्यासाठी नव्हे, पाला कापून घालायला. गोठा धुतलेलं पाणीही त्यानं चर काढून रोज त्याच पट्ट्यात सोडलं. शेणमुताचं पाणी, वाया कशाला घालवायचं.

मोहरी गुडघ्याला लागायच्या आतच पानं बिघडली. खालची पिवळी पडली, कडा जांभळ्या झाल्या. म्हसूनं बांधावरूनच बघितलं आणि तसाच बाजारगावाला पळाला.

खताच्या दुकानात शांतिनाथअण्णा बसला होता. त्यानं आधी विचारलं, पिवळेपणा खालच्या पानांना आहे की शेंड्याला. खालच्या, म्हसू म्हणाला. तेवढं खरं होतं.

"रोप उपटून मुळी बघितलीस का?"

बघितली नव्हती. पण नाही म्हणावं तर अण्णा परत पाठवणार. पुन्हा चालत जा, पुन्हा चालत ये.

"बघितली की. पांढरीशुभ्र आहे."

"मग नत्र कमी पडलं असेल. थोडा युरिया दे, हात राखून. आणि टाकल्यावर तो पाला लगेच जनावराला घालू नकोस, बाधेल."

यातला युरिया तेवढा म्हसूच्या कानात शिरला. बांधावर उभा राहून त्यानं तो मुठीमुठीनं फेकला. सकाळी उठून बघितलं, पानं तशीच. परत फेकला. दुपारी बघितलं, परत फेकला. रोप म्हणजे काय चुलीवरचं दूध आहे, आच वाढवली की वर यायला?

त्याची बायको ठकू म्हणाली, "अहो, उभ्यानं किती बघाल? जरा खाली वाका की."

पट्ट्यात चिखल होता. पाय बरबटले असते. म्हसू वाकला नाही.

पुढं पानांवर थोडी काळपट हिरवी झाक आली. एवढ्यावर त्याला धीर धरवेना. ठकू घरात नाही असं बघून त्यानं भारा कापला आणि कवडीपुढं टाकला. बिचारी कोरड्या कडब्याला कंटाळलेली, तिनं सगळा संपवला.

ऊन कलायच्या आत ती लटपटली. धापा टाकत खाली बसली आणि मान टाकून दिली. शेजारचा माणूस धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी कवडीचा ओठ उलटा करून बघितला. हिरड्या तपकिरी पडल्या होत्या.

"काय खाल्लंय हिनं?"

म्हसूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कडबा, रोजचाच. डॉक्टरांच्या हातात रिकामी सुई होती. तिच्यात काय भरायचं ते याच्या उत्तरावर ठरणार होतं. ठकू नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. जन्मात पहिल्यांदा म्हसू बोलण्याआधी थांबला.

"मोहरी. युरिया टाकलेली. किती टाकला ते मला माहीत नाही, पण जास्तच."

डॉक्टरांनी शिरेतून विषावरचं निळं औषध सोडलं. बऱ्याच वेळानं कवडी उठून उभी राहिली. म्हैस वाचली. रेडकू मात्र मेलेलंच जन्मलं.

त्यानंतर म्हसू पट्ट्यात उतरला. चिखलात उकिडवा बसला आणि एक रोप धरलं. ओढावंही लागलं नाही, आपसूक हातात आलं. मुळी काळी, आखूड, कुजकट वासाची. रोप निघालं त्या खड्ड्यात पाणी भरलं, गोठ्याचंच. खाणारं तोंडच सडलेलं, आणि हा वरून ताट वाढत होता.

त्यानं चर बुजवला.

पुढच्या थंडीत मोहरीची पानं पुन्हा डागाळली. म्हसू पुन्हा दुकानात गेला. अण्णानं तेच विचारलं, "मुळी बघितलीस का?"

"नाही. बघून येतो," म्हसू म्हणाला, आणि आल्या वाटेनं माघारी चालायला लागला. वाट लांबची होती. असू दे.

तात्पर्य: माहीत नसेल तेव्हा 'बघून सांगतो' म्हणणाऱ्याची एक खेप वाढते, न बघता ठोकून देणाऱ्याची किंमत मुकं जनावर भरतं.