खाडीकाठची टिकली

खाडीवर अजून पूल झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. काठच्या कांदळवनात ठेंगण्या हरणांचा कळप राहत असे. टिकली ही त्यांची म्होरकी.

एका उन्हाळ्यात डोंगरात वणवा पेटला आणि शिंगाजी नावाचा धिप्पाड सांबर जीव घेऊन खाली आला. टिकलीने त्याला गोड्या पाण्याचं डबकं दाखवलं. पोटभर पाणी पिऊन तो हसला, "तुम्ही हरणं की शेळ्या? खारट पाला खाऊन पार खुरटलात!"

पिल्लं खजील झाली. टिकलीलाही ते झोंबलं.

तेवढ्यात वाऱ्यावर बिबट्याचा वास आला. शिंगाजी उधळला तो थेट चिखलात रुतला. कळप मुळांवरून उड्या मारत निसटला, टिकली मात्र मागे फिरली. बिबट्यासमोर खूर आपटून तिने त्याला आपल्या मागे लावून घेतलं, दूरवर पळवलं आणि खाडीत उडी घेतली. बिबट्या काठावर गुरगुरत राहिला. इकडे भरतीने चिखल सैल झाला आणि शिंगाजी सुटला.

"एवढ्याशा अंगात एवढं बळ?" तो ओशाळून म्हणाला.

निथळती टिकली ताठ उभी राहिली. "दादा, या चिखलावर नांदायला एवढंच अंग लागतं. आम्ही खुरटलेलो नाही, खाडीला शोभतो तेवढे आहोत."

डोंगर हिरवा झाल्यावर शिंगाजी परतला. "इतके दिवस कुठे होतास?" असं कुणी विचारलं, की तो सांगे, "खाडीवर, माझ्या थोरल्या बहिणीकडे."