रेवाप्पाने जपलेला चेक

एका शहरात, पत्र्याच्या घरांच्या वस्तीत, एक भोळा शिपाई होता. नाव रेवाप्पा. इंदुताई वस्तीतल्या वीस बायकांना आरोग्यसेविकेचं काम शिकवायच्या, आणि त्या वर्गाची सगळी उठाठेव रेवाप्पाकडे. माणूस कामाला वाघ. सांगितलेलं तंतोतंत करणार. तीच तर पंचाईत होती.

वर्ग चालायचा देणगीवर, आणि देणगी संपत आली होती. कापडवाले बंकटशेठ पाघळले तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला वर्गाला कुलूप.

एकदा ताईंनी रेवाप्पाला बजावलं, दारातून जे आत येईल ते आधी साबणाने धुवायचं. त्यांच्या मनात बायकांचे हात होते. दुपारी छापखान्यातून शिकवायची चित्रं आली. रेवाप्पाने ती घासघासून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. चित्रातलं बाळ पार पुसून गेलं. स्वच्छ झालं, असं त्याचं म्हणणं.

ताईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अरे बाबा, आलेली वस्तू कोरडी करून कपाटात ठेवायची असते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लशीची पेटी आली, बर्फात घातलेली. रेवाप्पाने बर्फ मोरीत ओतला, एकेक बाटली टॉवेलने पुसली आणि कपाटात मांडली. वर तापलेला पत्रा, महिना वैशाखाचा.

आता मात्र ताईंचा पारा चढला. लस वाया गेली होती. त्यांनी सांगितलं, वाया गेलेली किंवा तारीख उलटलेली वस्तू इथे क्षणभर ठेवायची नाही. चुकून कुणी वापरली तर जिवावर बेतेल. मोडायची, खड्ड्यात पुरायची, वर चुना टाकायचा, आणि ज्याच्याकडून आली त्याला कळवायचं. रेवाप्पाने बोटांवर मोजून पाठ केलं.

शुक्रवारी बंकटशेठ आले. बायकांनी त्यांचा रक्तदाब मोजला, लोणच्यावरून चार शब्द सुनावले, आणि शेठ चक्क विरघळले. खिशातून चेक काढला. म्हणाले, लिहून दोन दिवस झाले, द्यायला हात धजत नव्हता. वर्षभराची सोय झाली. ताईंना भरून आलं. वर्ग सुरू होता, म्हणून त्यांनी चेक रेवाप्पाच्या हाती दिला आणि आजवर सांगितलंय तसंच कर म्हणाल्या.

रेवाप्पाने नीट विचार केला. धुवायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने चेकवरची तारीख वाचली. बुधवारची.

संध्याकाळी ताईंनी चेक मागितला.

"पुरला की," रेवाप्पा म्हणाला. "तारीख उलटली होती. आधी बारीक फाडला, वर चुना टाकला. उगाच कुणी वापरायला नको."

ताई चपला शोधू लागल्या. शेठच्या पाया पडून दुसरा मागते, असं काहीतरी पुटपुटल्या.

"तुम्ही कशाला जाता, ताई? मी आत्ताच दुकानात सांगून आलो. म्हटलं, शेठ, तुमचा चेक शिळा निघाला, खड्ड्यात घातला. यापुढे देणगी द्यायची तर ताजी द्या."